ऊन लागलं की औषध बाधलं?

सांगोला-पंढरपूर पट्ट्यात आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं डाळिंब एप्रिल-मेमध्ये झाडावर असतं. पारा ४३-४४ वर, आणि फवारणी काही थांबत नाही. पंप पाठीवर असलेला गडी बांधावर मटकन बसला की सगळे एका सुरात म्हणतात, "ऊन लागलं." मग कांदा फोडायचा, लिंबूपाणी पाजायचं, झाडाखाली निजवायचं. औषध बाधलेलं असेल तर या सगळ्यात मोलाचा वेळ जातो.

घेरी, मळमळ, डोकेदुखी, गळाठा दोन्हीत सारखाच. आधी डोळे बघा. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं बाधली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, जुलाब लागतात, छाती घरघरते, पापणी किंवा दंड आपोआप फडफडतो. उष्माघातात सहसा असं होत नाही. अंग चटका बसेल इतकं तापतं, ताप ४० अंशांच्या वर जातो आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो.

घामावरून मात्र काही ठरवू नका. उष्माघातात अंग कोरडं पडतं हे बहुधा घरात बसलेल्या वयस्कर माणसांचं. राबणारा गडी उष्माघातातही घामानं निथळत असतो. बाहुली बारीक नाही म्हणून औषध बाधलं नाही, असंही समजू नका. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधानं बाहुली बारीक न होता चेहरा चुणचुणू शकतो.

ओळखू येत नसेल तर गाडी बोलवा आणि तोवर दोन्हीला चालणारं करा: सावलीत आणा, भिजलेले कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा. औषधही निघतं, अंगही निवतं. धुणाऱ्याच्या हातात मोजे हवेत. दूध पाजू नका, ओकारी काढायला घशात बोटं घालू नका. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या. लेबलवर औषधाचं नाव आणि त्याच्या विषावरचा उतारा छापलेला असतो, त्यावरून डॉक्टर उपचार ठरवतात.

मालकाचं काम दोन्हीत वेगळं. औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे हवेतच, हे कीटकनाशक नियम १९७१ सांगतात. उन्हासाठी लागतं पाणी, सावली आणि मधूनमधून विसावा. घोळ होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. भर दुपारी प्लॅस्टिकचा एप्रन, मास्क आणि हातमोजे घालून फवारणारा आतल्या आत उकडतो, म्हणून ते काढून फेकतो. मग मालक म्हणायला मोकळा: "किट दिलं होतं की!" माझ्या मते किट देऊन दुपारी फवारायला लावणं हे किट न देण्यासारखंच. उजाडताच, वारा पडलेला असताना सुरुवात करावी आणि ऊन चढायच्या आत पंप धुवून ठेवावा. पाण्याच्या मोटारीची लाईट दुपारची असते ही सबब बऱ्याच जणांची, पण त्यासाठी टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवता येते.