स्लेट शेठ की स्पेसली साहेब? कार्टूनमधले दोन 'यू आर फायर्ड'वाले बॉस

परवा भाच्याला जुन्या कार्टूनच्या क्लिपा दाखवत बसलो होतो, त्यात एक बुटका माणूस लालबुंद होऊन ओरडत होता, आणि भाच्याने विचारलं, मामा हा तोच ना जो त्या जाड्याला सारखं कामावरून काढतो? मी बिनधास्त म्हटलं हो, तोच. पाच मिनिटांनी लक्षात आलं की तो 'तोच' नव्हताच, जाड्याचा बॉस वेगळा आणि हा वेगळा, आणि माझ्या डोक्यात हे दोघं गेली पंचवीस वर्षं एकच माणूस म्हणून सुखाने राहत होते. मग ग्रुपवर विचारलं तर तिथे पण तीच गत. स्लेट कोण आणि स्पेसली कोण, कोणालाच धड सांगता येईना, 'अरे तो टकला रे' म्हणून सगळे मोकळे.

तर आता नीट सांगतो.

मिस्टर स्लेट हा फ्रेड फ्लिंटस्टोनचा बॉस, म्हणजे दगडयुगातला, गाव बेडरॉक. मिस्टर स्पेसली हा जॉर्ज जेटसनचा बॉस, म्हणजे शंभर वर्षं पुढच्या काळातला, शहर ऑर्बिट सिटी. दोन्ही सिरीयल हॅना-बार्बेरा ह्या अमेरिकन कार्टून कंपनीच्या. फ्लिंटस्टोन्स अमेरिकेत १९६० ला एबीसी चॅनेलवर सुरू झाली आणि १९६६ पर्यंत १६६ एपिसोड चालली, जेटसन्स १९६२ ला त्याच चॅनेलवर आली आणि २४ एपिसोडात गुंडाळली, मग तेच तेच एपिसोड वर्षानुवर्षं फिरवून फिरवून दाखवले आणि १९८५ पासून नवीन एपिसोड काढले, एकूण झाले ७५. आपल्याकडे १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं तेव्हा ह्या दोन्ही एकाच चॅनेलवर यायच्या, इंग्रजी निम्मं कळायचं नाही, त्यामुळे गोंधळ होणारच ना. एक फॅमिली भूतकाळातली, एक भविष्यातली, दोन्हीकडे नवरा कामावर मार खाणार, दोन्हीकडे बॉस एस वरून, आणि दोन्हीकडे बॉसचा आवडता डायलॉग एकच, यू आर फायर्ड. संध्याकाळी हाकलायचं आणि एपिसोड संपायच्या आत परत घ्यायचं.

दिसण्यावरून ओळखायचं असेल तर सोपं आहे. चष्मा आणि टक्कल असेल तर स्लेट. बुटका, काळे केस चापून बसवलेले आणि नाकाखाली छोटीशी मिशी असेल तर स्पेसली. झालं. पण एवढ्यावर थांबलो तर हे लिहायची गरजच नव्हती, कारण खरी गंमत दिसण्यात नाहीये, हे दोघं वेगळ्याच जातीचे बॉस आहेत. माझ्या भाषेत सांगायचं तर स्लेट हा शेठ आहे आणि स्पेसली हा साहेब आहे. मालक दोघंही आहेत हां, कंपनीच्या पाटीवर दोघांचीही नावं आहेत, पण मालक असणं वेगळं आणि शेठ असणं वेगळं, हे ज्याने दोन्हीकडे काम केलंय त्याला कळेल.

स्लेटची कंपनी म्हणजे दगडाची खाण, स्लेट रॉक अँड ग्रॅव्हल. सरळ भाषेत खडीचा धंदा. फ्रेड तिथे डायनासोर चालवतो, म्हणजे आपल्याकडे जो पोकलेनवाला असतो ना तोच तो, फक्त पोकलेनच्या जागी जिवंत जनावर. सुट्टीचा भोंगा म्हणजे एक पक्षी, त्याची शेपटी ओढली की तो किंचाळतो आणि फ्रेड डायनासोरच्या शेपटीवरून घसरगुंडी करत घरी पळतो, टायटलमध्ये हे प्रत्येकाने शंभर वेळा बघितलंय. गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना हा जोक समजावून सांगावा लागत नाही. आता अशा जागी बॉस कुठे असणार? तिथेच. स्लेटचं ऑफिस खाणीवरच आहे, फ्रेड उशिरा आला की त्याला दिसतं, झोपला की दिसतं, आणि त्याचा राग पण तसलाच आहे, दगड फुटला नाही, डायनासोरने चुकीचं काहीतरी पाडलं, काम राहिलं. काहीतरी खरं घडलेलं असतं. फ्रेडला पण माहीत असतं आपण काय केलंय ते.

माझ्या एका मामांचा खडी फोडायचा क्रशर होता, छोटासाच. त्यांच्या ओरडण्याला कोणी घाबरायचं नाही असं नाही, घाबरायचे, पण सकाळी शिव्या घातलेल्या माणसाबरोबरच दुपारी डबा उघडून बसायचे. स्लेट बघताना मला ते आठवतात.

शेठकडे अजून एक गोष्ट असते ती म्हणजे नातेवाईक. फ्लिंटस्टोन्सच्या जुन्या एपिसोडांमध्ये बार्नी नेमकं काय काम करतो हे बरेच दिवस धड कळतच नाही, शेजारी आहे, मित्र आहे, बोलिंगला सोबत आहे, बास. पुढे एका एपिसोडमध्ये बार्नीची नोकरी जाते, फ्रेड त्याला आपल्या खाणीवर चिकटवतो, आणि मग निघतं काय तर बार्नी हा स्लेटचा भाचा! लगेच बार्नी वरच्या पदावर आणि ज्याने त्याला नोकरी लावली तो फ्रेड त्याच्या हाताखाली. हे बघताना मी इतका हसलो होतो, कारण हे दगडयुग नाहीये, हे आपल्या कुठल्याही एमआयडीसीतलं युनिट आहे. वशिला हा शब्द त्यांच्याकडे नाही एवढाच फरक.

बाय द वे, सुरुवातीच्या एपिसोडांमध्ये खाणीचं नावच वेगळं होतं, आणि स्लेटचं पहिलं नाव सुद्धा बदलत राहतं. लिहिणाऱ्यांना फार पडलेली नव्हती बहुतेक.

आता स्पेसली. ह्याची कंपनी स्पेसली स्पेस स्प्रॉकेट्स. बाईकचा चेन-स्प्रॉकेट सेट बदललाय त्याला स्प्रॉकेट माहीत आहे, दात्यांचं चाक, ज्यावर चेन बसते. ह्याचा कट्टर दुश्मन कॉग्सवेल, तो कॉग बनवतो, म्हणजे गिअरवाले दाते, जे चेनमध्ये नाही तर दुसऱ्या गिअरच्या दात्यांमध्ये अडकतात. सगळं आयुष्य हे दोघं एकमेकांच्या मागावर. म्हणजे गोंधळ करणाऱ्या दोन गोष्टी ह्या सिरीयलच्या आत पण आहेतच, दुकानात जाऊन कॉग मागितला आणि स्प्रॉकेट मिळाला तर गाडी चालणार नाही, पण टीव्हीवर दोन्ही म्हणजे 'ते दातेवालं काहीतरी'.

पण जॉर्ज तिथे करतो काय? बटण दाबतो. खरंच, तेवढंच. आठवड्यातले थोडेच दिवस आणि दिवसातले थोडेच तास जायचं, खुर्चीत बसायचं, बटण दाबायचं आणि घरी येऊन बायकोला सांगायचं की आज फार दमलो, बोट दुखतंय. हे १९६२ मध्ये जोक म्हणून लिहिलं होतं. मी आयटीत बारा वर्षं काढली आहेत, मला तो आता जोक वाटत नाही.

आणि इथेच दोघांचा मुख्य फरक आहे. फ्रेडचं काम दिसतं, म्हणून स्लेटला चिडायला कारण लागतं. जॉर्जचं काम दिसतच नाही, म्हणून स्पेसलीला कारण लागत नाही. तो चिडलेला असतो कॉग्सवेलवर, किंवा घरी बायकोने काहीतरी ऐकवलेलं असतं, आणि निघतं ते जॉर्जवर. शिवाय तो समोर येऊन पण ओरडत नाही बऱ्याचदा, जॉर्जच्या टेबलासमोर स्क्रीन उजळते आणि त्यात स्पेसलीचं तोंड, जेटसन!! जॉर्जचे पाय टेबलावर असतात ते पटकन खाली. १९६२ मध्ये बरं का. लॉकडाऊनमध्ये कॅमेरा ऑन करा म्हणून मेसेज यायचा तेव्हा आम्ही सगळे असेच पाय खाली घ्यायचो, माझ्या एका मॅनेजरला तर मी अडीच वर्षं फक्त छातीपर्यंतच ओळखत होतो, तो उंच आहे हे मला फेअरवेलला कळलं.

स्पेसली घरी येतो कधीकधी, नाही असं नाही. पहिल्याच एपिसोडात तो जेवायला येतो, जेटसनांनी नुकतीच रोझी नावाची जुन्या मॉडेलची कामवाली रोबोट ट्रायलवर आणलेली असते, आणि साहेबांचा हिशोब असा की पगारवाढ मागतोस आणि घरात नोकर ठेवतोस? चिडतो, मग रोझीने केलेला अननसाचा केक त्याच्या डोक्यावर, मग तोच केक चाखून खूश, नोकरी परत आणि वर पगारवाढ. म्हणजे कामाचा आणि नोकरीचा काडीचा संबंध नाही, केक चांगला झाला म्हणून नोकरी राहिली. शेठच्या घरी असं होत नाही असं मी म्हणत नाही, पण साहेबाच्या बाबतीत पूर्ण करिअरच केकवर असतं.

आता सहकाऱ्यांकडे या, कारण बॉसपेक्षा मला हा भाग जास्त टोचतो. फ्रेडकडे बार्नी आहे. भांडतात, रुसतात, पण संध्याकाळी सोबत आहेत. जॉर्जला ऑफिसमध्ये माणूस नाहीच! नवीन एपिसोडांत त्याच्याकडे रूडी आहे, म्हणजे कॉम्प्युटर, त्याच्याशीच गप्पा, त्याच्याशीच दुखणं. जो काही जिवाभावाचा माणूस आहे तो बिल्डिंगचा देखभालवाला हेन्री ऑर्बिट, म्हणजे सोसायटीतला, ऑफिसातला नाहीच.

आणि जुन्या २४ एपिसोडांतला युनिब्लॅब. हा एपिसोड शोधून बघाच. जॉर्जला वाटत असतं आता आपलं सुपरवायझरपद पक्कं, आणि स्पेसली घेऊन येतो एक महागडा रोबोट आणि त्यालाच जॉर्जच्या डोक्यावर बसवतो. वर हा युनिब्लॅब गोड बोलणारा, मित्रासारखा जवळ येतो, बोल की रे मोकळेपणाने, साहेब कसा वाटतो तुला? आणि जॉर्ज मन मोकळं करतो तो सगळा माल रेकॉर्ड होऊन साहेबाच्या कानावर. आपल्याकडे असल्या माणसाला चमचा म्हणतात, पण चमच्याला निदान प्रमोशन तरी हवं असतं, ह्याला तर काहीच नको, तो फक्त ऐकतो. शेवटी जॉर्ज आणि हेन्री त्याच्या ऑईलमध्ये भलतंच काहीतरी मिसळतात आणि तो कंपनीच्या बड्या लोकांसमोर दारुड्यासारखा बरळायला लागतो. हाताखालच्या लोकांवर नजर ठेवायला मशीन विकत आणणं हे स्लेटला सुचलंच नसतं, तो म्हणाला असता माझे डोळे काय फुटलेत का.

इथे कोणीतरी नक्की म्हणणार, मग सिम्पसन्स कार्टूनमधला होमरचा बॉस, मिस्टर बर्न्स, कुठे बसतो? तो ह्या दोघांच्या पुढचा. होमर त्याच्या अणुवीज प्रकल्पात सेक्टर सात-जी मध्ये बसतो आणि बर्न्सला दर वेळी विचारावं लागतं हा कोण आहे, मग त्याचा असिस्टंट स्मिदर्स नाव सांगतो. स्लेट नाव घेऊन ओरडतो, स्पेसली पण आडनाव घेऊन ओरडतो. बर्न्सला आठवतच नाही. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

१९८७ मध्ये दोन्ही फॅमिलींना एकत्र आणणारा टीव्ही पिक्चर पण काढला होता, टाईम मशीनवाला, म्हणजे स्लेट आणि स्पेसली एकाच पिक्चरमध्ये. ज्यांचा गोंधळ आधी नव्हता त्यांचा तिथे झाला असणार. १९९० च्या जेटसन्स सिनेमात तर स्पेसली जॉर्जला थेट व्हाईस प्रेसिडेंट करून दूरच्या लघुग्रहावरच्या प्लांटवर पाठवतो, नाव मोठं, काम तेच बटणाचं, आणि त्या प्लांटमुळे खाली राहणाऱ्या छोट्या केसाळ प्राण्यांची घरं उद्ध्वस्त होतायत त्याचं साहेबांना काही पडलेलं नाही. पदाला भुलून बदली घेतलेले लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ह्या सिनेमाच्या वेळची एक गोष्ट मात्र वाईट वाटण्यासारखी आहे, जॉर्जचा आवाज देणारे जॉर्ज ओहॅनलन फेब्रुवारी १९८९ मध्ये गेले आणि स्पेसलीचा आवाज देणारे मेल ब्लँक त्याच वर्षी जुलैमध्ये, म्हणजे नोकर आणि साहेब दोघंही सिनेमा यायच्या आधीच. राहिलेले डायलॉग जेफ बर्गमनने पूर्ण केले.

आणि आता आवाजाचाच विषय निघालाय तर शेवटचा घोळ पण सांगून टाकतो. स्लेटचा आवाज जॉन स्टीफनसनचा. स्पेसलीचा मेल ब्लँकचा. पण हाच मेल ब्लँक फ्लिंटस्टोन्समध्ये कोणाचा आवाज होता? बार्नीचा! १९६१ मध्ये त्याचा कारचा भयानक अपघात झाला तेव्हा काही एपिसोड डॉज बटलरने बार्नी केला, आणि हा डॉज बटलर म्हणजे जेटसन्समधला कॉग्सवेल. म्हणजे एकीकडे जे दोघं एकाच मित्राचा आवाज होते ते दुसरीकडे एकमेकांचे हाडवैरी मालक. भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा मग डोळे मिटून ऐकलं तर फ्रेडचा दोस्तच जॉर्जला कामावरून काढतोय असं वाटेल की. मी म्हटलं थांब, लाव परत ती क्लिप.