अंटार्क्टिकातून कुत्रे का गेले : स्लेजच्या कुत्र्यांवरील बंदीची पार्श्वभूमी

स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती अलास्का, कॅनडा आणि नॉर्वेत आजही होतात, आणि ग्रीनलंडमध्ये शिकारीसाठी आजही कुत्रे जुंपले जातात. ज्या खंडावर या कुत्र्यांनी सर्वांत मोठी मजल मारली, त्या अंटार्क्टिकात मात्र १ एप्रिल १९९४ नंतर एकही कुत्रा राहता कामा नये असे ठरले, आणि ते पाळलेही गेले. या निर्णयाला तीस वर्षे उलटली, तरी तो विज्ञानावर उभा होता की सोयीवर, हा वाद मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर दक्षिण ध्रुव आधी गाठण्याच्या शर्यतीपेक्षा करारांची भाषा अधिक उपयोगी पडते.

शर्यतीची कथा सर्वश्रुत आहे. केप अडेअर येथे १८९९ मध्ये उतरलेल्या मोहिमेने ७५ कुत्रे नेले होते आणि ते सांभाळण्यासाठी उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी जमातीची दोन माणसे सोबत होती. या खंडावर कुत्र्यांचा वावर तिथून सुरू झाला. १९११ मध्ये ध्रुवावर पोहोचलेल्या नॉर्वेच्या पथकाने ५२ कुत्र्यांनिशी तळ सोडला आणि जानेवारी १९१२ मध्ये ते ११ कुत्र्यांसह परतले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना वाटेत मारून माणसांच्या व उरलेल्या कुत्र्यांच्या पोटासाठी वापरायचे, हे आधीच्या हिशेबातच धरलेले होते. कुत्र्याविषयीच्या हळव्या आठवणींत हा हिशेब सहसा मागे पडतो.

खरे कष्टाचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर झाले. १९४५ मध्ये लॅब्राडोरहून आणलेले कुत्रे अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील होप बे येथील ब्रिटिश तळावर उतरले आणि पुढची तीस वर्षे त्या भागाची मोजणी व भूशास्त्रीय पाहणी मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच बळावर चालली. त्या काळच्या यंत्रापेक्षा कुत्र्यांचा संघ अधिक भरवशाचा होता. बर्फातल्या झाकलेल्या भेगेत पुढचा कुत्रा पडला, तरी मागचे त्याला तोलून धरत आणि माणूस वाचे. ऑस्ट्रेलियाने मॉसन तळावर आणि न्यूझीलंडने स्कॉट तळावर कुत्रे ठेवले. अर्जेंटिनाच्या सैन्याने तर स्वतःची एक ध्रुवीय जातच तयार केली. जपानच्या शोवा तळावर फेब्रुवारी १९५८ मध्ये खराब हवामानामुळे बदली पथक उतरू शकले नाही आणि साखळीला बांधलेले १५ कुत्रे तसेच मागे राहिले. पुढच्या जानेवारीत माणसे परतली तेव्हा तारो आणि जिरो हे दोन कुत्रे जिवंत होते.

अंटार्क्टिक कराराच्या, म्हणजे या खंडाचा कारभार ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांनी १९६४ मध्ये प्राणी व वनस्पतींच्या संरक्षणासाठी काही उपाय मान्य केले. त्यात स्थानिक प्राणी मारण्यास परवाना कशासाठी देता येईल हे सांगताना, माणसांना किंवा कुत्र्यांना लागणारे अत्यावश्यक अन्न हे एक कारण दिले होते. माणूस आणि कुत्रा एकाच कलमात, एकाच गरजेखाली बसवलेले होते. बाहेरून आणण्यास मुभा असलेल्या प्राण्यांच्या यादीतही स्लेजच्या कुत्र्यांचे नाव पहिले होते. अट एवढीच होती की डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग), यकृताचा संसर्गजन्य दाह, रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस यांची लस टोचलेली असावी. गोव्याहून पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली, तेव्हाही हेच नियम चालू होते आणि इतर देशांच्या तळांवर कुत्रे होते.

मधल्या काळात कुत्र्यांची बाजू दोन ठिकाणी कमकुवत झाली. पहिली बाब अन्नाची. कुत्र्यांसाठी सील मारावे लागत, आणि संरक्षणाची भाषा जसजशी कडक झाली तसतसे हे मारणे डोळ्यांत खुपू लागले. दुसरी बाब कामाची. स्नोमोबाइल आणि छोटी विमाने आल्यावर ब्रिटिशांनी १९७५ मध्ये पाहणीच्या कामातून कुत्रे काढून घेतले. त्यानंतर रोथेरा या ब्रिटिश तळावर राहिलेले मोजके कुत्रे करमणुकीसाठी ठेवले असल्याची कागदोपत्री नोंद राहिली. माझ्या मते कुत्र्यांचा खटला इथेच हरला. ‘करमणूक’ हा शब्द प्रशासनाने सोयीसाठी वापरला होता. महिनोन्महिने अंधारात काढणाऱ्या माणसांना त्या कुत्र्यांचा काय आधार होता, हे त्या शब्दात मावत नव्हते. पण वाटाघाटींच्या मेजावर करमणुकीसाठी सील मारण्याचे समर्थन कोण करणार? न्यूझीलंडने तर १९८७ मध्येच आपले कुत्रे परत नेले होते.

शेवटचे कारण रोगाचे होते. १९८८ मध्ये उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर सुमारे १८,००० सील मेले. त्यामागचा विषाणू कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा जवळचा नातेवाईक निघाला; त्याच सुमारास सायबेरियातील बैकाल सरोवरातले सील मात्र प्रत्यक्ष कुत्र्यांच्याच डिस्टेंपरने मरत होते. लगेच अंटार्क्टिकातील क्रॅबईटर या जातीच्या सीलांचे रक्त तपासले गेले आणि काहींमध्ये या रोगाची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने, आढळली. १९५५ मध्ये होप बेच्या दक्षिणेला बर्फात अडकलेले शेकडो क्रॅबईटर सील मेले होते, त्या जुन्या घटनेकडेही आता संशयाने पाहिले जाऊ लागले. धोका खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रतिपिंडे सापडणे आणि ती स्लेजच्या कुत्र्यांकडून आली हे सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पार होण्याआधीच निर्णय झाला होता.

ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदमध्ये पर्यावरण संरक्षणाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पूरक करारावर, सह्या झाल्या. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कुत्र्यांसाठी स्वतंत्र वाक्य आहे : त्यांना भूमीवर किंवा आइस शेल्फवर (समुद्रावर तरंगणाऱ्या जाड हिमथरावर) आणू नये, आणि तिथे असलेले १ एप्रिल १९९४ पर्यंत हलवावेत. परवान्याने काय आणता येईल त्याची यादी त्याच परिशिष्टाला जोडलेली आहे आणि तिच्यात प्रयोगशाळेसाठी लागणारे प्राणी, जिवाणू आणि विषाणूसुद्धा आहेत. विषाणूच्या भीतीने कुत्रा गेला आणि विषाणूला परवान्याची वाट उघडी राहिली, यावर जुन्या कुत्रेवाल्यांनी नाराजी व्यक्त केली तर ती समजण्यासारखी आहे. दुसरी विसंगती तारखांची आहे. हा प्रोटोकॉल जानेवारी १९९८ मध्ये अमलात आला, म्हणजे कुत्रे हलवण्याची मुदत संपली तेव्हा त्याला कायद्याचे बळ मिळालेलेच नव्हते.

तरीही सर्वांनी मुदत पाळली. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावरील बहुतेक कुत्रे १९९२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाला गेले आणि मागे राहिलेले वयस्क कुत्रे १९९३ च्या डिसेंबरमध्ये निघाले. अर्जेंटिनाची ध्रुवीय जात स्थलांतरानंतर टिकली नाही. रोथेरा तळावरचे शेवटचे कुत्रे २२ फेब्रुवारी १९९४ रोजी विमानात चढले आणि फॉकलंड, ब्रिटन व अमेरिकेमार्गे कॅनडातील हडसन उपसागराच्या काठावरील इनुकजुआक या इन्युइट (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) वस्तीत पोहोचले. पूर्वजांच्या प्रदेशात परतणे हे कागदावर सुरेख होते. प्रत्यक्षात, पिढ्यान्‌पिढ्या निर्जंतुक हवेत वाढलेल्या या कुत्र्यांना तिथल्या रोगांची प्रतिकारशक्ती नव्हती, आणि त्यांतले काही लवकरच दगावले. जे सीलांना होईल अशी भीती होती, ते कुत्र्यांनाच झाले.

राहिला प्रश्न शब्दांचा. १९९१ च्या मजकुरात ‘भूमी’ आणि ‘आइस शेल्फ’ होते. आइस शेल्फ म्हणजे किनाऱ्याला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा जाड हिमथर. हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठून होणारा बर्फ या दोहोंत मोडत नाही. सील तर याच बर्फावर पिल्ले घालतात आणि स्लेजवाल्यांच्या वाटाही बहुधा त्यावरूनच जात असत. २००९ मध्ये परिशिष्टाची सुधारित आवृत्ती संमत झाली, तेव्हा कुत्र्यांच्या वाक्यात ‘समुद्री बर्फ’ हे शब्द घालण्यात आले. शेवटचा कुत्रा जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.