काजू प्रक्रिया उद्योगाचा प्रकल्प अहवाल: ऑनलाइन लायब्ररी गाईड कोणाला वापरता येते, काय कागदपत्रे लागतात, आकडे कसे काढायचे

प्रकल्प अहवालातलं बाजारपेठेचं प्रकरण अंदाजावर लिहिलं की बँकेत पहिला प्रश्न तिथेच येतो. आकडे नेमके कुठे मिळतात, हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी 'बिझनेस रिसर्च'च्या गाईडमध्ये उद्योग, कंपन्या, आकडेवारी असं विषयवार मांडून ठेवलेलं असतं. ही गाईड वाचायला सहसा सभासदत्व लागत नाही. कुलूप असतं ते आतल्या विकतच्या डेटाबेसना. लॉगिन मागितलं तरी पान बंद करू नका, स्रोतांची नावं उतरवून घ्या.

प्रवेश कोणाला?

तुमचं कॉलेज इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या 'एन-लिस्ट' या योजनेचं सदस्य असेल तर विद्यार्थी आणि प्राध्यापकांना ई-पुस्तकं आणि जर्नल्स घरूनही वाचता येतात. नाव कॉलेजकडूनच नोंदवलं जातं, परस्पर अर्ज चालत नाही. चालू वर्षाचं ओळखपत्र, वर्ग आणि रोज उघडता तोच ईमेल ग्रंथपालांकडे द्या. पासवर्डचा मेल दिसला नाही तर आधी स्पॅम बघा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही एकत्रित वर्गणीची योजना सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. तीतही जर्नल्स मिळतात, महागडे मार्केट रिपोर्ट नाहीत.

बागायतदार, बचतगट किंवा कारखानदार असाल तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विषय आणि कालावधी लिहून, आधारची प्रत जोडून, बसून वाचण्याची परवानगी मागा. ती द्यायची की नाही, हे त्या ग्रंथालयाच्या नियमावर आहे. तोवर नॅशनल डिजिटल लायब्ररीवर ईमेलने मोफत नोंदणी करा. कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रबंध सापडतात. तिथे शोध इंग्रजीत टाका, आणि नुसतं 'काजू' न टाकता 'वेंगुर्ला-४' किंवा 'वेंगुर्ला-७' असं जातीचं नाव द्या.

आकडे चुकतात ते कोडमुळे

वाणिज्य मंत्रालयाच्या ट्रेडस्टॅट या संकेतस्थळावर आयात-निर्यात मोफत बघता येते, पण एचएस कोड, म्हणजे व्यापारात मालाला दिलेला ठरावीक क्रमांक, बरोबर हवा. ०८०१ हा चार अंकी कोड टाकलात तर काजूबरोबर नारळही मोजला जातो. सहा अंकी कोड घ्या: ०८०१३१ म्हणजे टरफलासकट काजू बी, ०८०१३२ म्हणजे टरफल काढलेला काजूगर. हे दोन कधीच एकत्र करू नका. आपला देश बी मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतून आणतो आणि गर बाहेर पाठवतो. दोन्हींची बेरीज केली तर कच्च्या मालाची टंचाई झाकली जाते. कारखाना वर्षाचे किती महिने चालेल, हे तर त्या टंचाईवरच ठरतं.

अमेरिकी गाईडमध्ये दिसणारे 'नाइक्स' हे उद्योगांच्या वर्गवारीचे कोड इथे उपयोगाचे नाहीत. आपल्याकडे एनआयसी हा भारतीय वर्गवारीचा कोड चालतो, लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीतही तोच.

वर्षाचाही घोळ होतो. ट्रेडस्टॅटचं वार्षिक कोष्टक एप्रिल ते मार्च असतं, संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार आकडेवारीच्या संकेतस्थळाचं जानेवारी ते डिसेंबर. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून वाढीचा टक्का काढलात तर तो खोटा निघतो. शिवाय एक रक्कम रुपयांत आणि दुसरी डॉलरमध्ये नाही ना, तेही तपासा. प्रत्येक कोष्टकाखाली कोड, वर्ष, एकक, संकेतस्थळाचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा. आकडे नंतर सुधारले जातात, त्यामुळे त्या दिवशीच्या पानाची पीडीएफ अहवालाला जोडा.