पुरवठा साखळीतील वेब सेवा
पुरवठा साखळीतील उत्पादक, पुरवठादार, वाहतूकदार, गोदामे आणि विक्रेते यांच्या स्वतंत्र संगणक प्रणालींना इंटरनेटवरून एकमेकींशी थेट व्यवहार करता यावेत, म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित सॉफ्टवेअर व्यवस्थेस वेब सेवा म्हणतात. ऑर्डर, शिल्लक साठ्याची चौकशी, माल रवाना झाल्याची सूचना, बीजक असा मजकूर कोणालाही पुन्हा टाइप करावा न लागता एका कंपनीच्या प्रणालीतून दुसरीच्या प्रणालीत जातो. या प्रणाली वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांत लिहिलेल्या असल्या तरी अडत नाही. संदेशाची रचना आणि तो पाठविण्याची पद्धत एवढेच दोघांनी आधी ठरवून घेतलेले असावे लागते.

वेब सेवांपूर्वी हे काम ईडीआय, म्हणजे व्यापारी कागदपत्रांची ठरावीक साच्यात होणारी इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण, ही पद्धत करीत असे आणि अनेक मोठ्या उद्योगांत ती आजही करते. तिच्या मानकांसाठी अमेरिकेत १९७९ साली एक्स१२ समिती स्थापन झाली, तर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये आकाराला आले. एक्स१२ मध्ये ८५० क्रमांकाचा संदेश म्हणजे ऑर्डर आणि ८१० म्हणजे बीजक. हे संदेश बहुधा खासगी नेटवर्कवरून, गठ्ठ्याने आणि शुल्क आकारून पाठविले जात, त्यामुळे लहान पुरवठादारांना ही व्यवस्था परवडत नसे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल हे, माहितीच्या प्रत्येक भागाला खूण लावून तिची रचना सांगणारे मानक प्रसिद्ध झाले. पाठोपाठ संदेशाचे वेष्टन ठरविणारे सोप आणि सेवेचे वर्णन करणारे डब्ल्यूएसडीएल आले. सेवांची सार्वजनिक नोंदवही म्हणून यूडीडीआयचीही २००० साली घोषणा झाली. प्रोग्रॅमने या नोंदवहीत आपणहून पुरवठादार शोधावा आणि लगेच व्यवहार सुरू करावा, अशी त्यामागील कल्पना होती. ती फोल ठरली, आणि ते स्वाभाविकच होते, कारण नवा पुरवठादार करार, पत आणि मालाचा दर्जा तपासून निवडला जातो. तांत्रिक जोडणी त्यानंतर येते. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी चालविलेली ही सार्वजनिक नोंदवही २००६ च्या आरंभी बंद झाली. पुढे संगणकशास्त्रज्ञ रॉय फील्डिंग यांनी २००० साली मांडलेली रेस्ट ही वेबच्याच साध्या विनंती-उत्तर पद्धतीवर चालणारी शैली आणि जेसन हे माहिती लिहिण्याचे सुटसुटीत स्वरूप यांवर आधारलेले एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काम मागण्याची ठरलेली द्वारे, अधिक रूढ झाले.

या जोडणीत संदेश पोहोचविण्यापेक्षा त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच लागणे कितीतरी अवघड असते. ऑर्डरमध्ये एखाद्या मालापुढे केवळ ‘१०’ लिहिले असेल, तर ते दहा नग की दहा खोकी हे यंत्राला कळत नाही. म्हणून बारकोडसारखी मानके ठरविणाऱ्या जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जीटीआयएन या वस्तू-क्रमांकांच्या पद्धतीत सुट्या नगाला एक आणि त्याच मालाच्या खोक्याला दुसरा क्रमांक देतात. माल पोहोचवायच्या जागेसाठी जीएलएन हा १३ अंकी स्थान-क्रमांक असतो. हे क्रमांक दोन्ही प्रणालींत तंतोतंत जुळत नसतील, तर संदेश तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही चुकीचा माल चुकीच्या ठिकाणी जातो.

दुसरी अडचण मध्येच तुटणाऱ्या संपर्काची. पुरवठादाराच्या प्रणालीने ऑर्डर नोंदवली, पण तिचे उत्तर खरेदीदारापर्यंत पोहोचलेच नाही, तर खरेदीदाराची प्रणाली तीच ऑर्डर पुन्हा पाठवते आणि माल दुप्पट निघण्याचा धोका उद्भवतो. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला एकमेव क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत पाठवायचे असते. शिवाय ऑर्डर मिळाली आणि ऑर्डर मान्य झाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पोच तत्काळ देता येते. दुसरीसाठी साठा, दर आणि उत्पादनाचे वेळापत्रक पाहावे लागते, त्यात काही तास किंवा दिवसही जाऊ शकतात. ईडीआयमध्ये या दोहोंसाठी ९९७ आणि ८५५ असे निराळे संदेश पूर्वीपासूनच होते, आणि वेब सेवा आखतानाही हा भेद पाळणे आवश्यक ठरते.

सुरक्षिततेसाठी संदेश कूटबद्ध करून पाठवितात, दोन्ही बाजूंची ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवितात आणि गरजेनुसार संदेशावर डिजिटल स्वाक्षरीही करतात.

जुन्या आणि नव्या पद्धती आज शेजारी शेजारी नांदतात. पुष्कळ ठिकाणी मध्यस्थ सॉफ्टवेअर एडिफॅक्टमधील ऑर्डरचे जेसनमध्ये रूपांतर करते आणि उत्तर उलट दिशेने पोहोचविते. मालाच्या प्रवासातील घटना नोंदविणारे ईपीसीआयएस हे मानक सुरुवातीला एक्सएमएलवर आधारलेले होते. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला जेसन आणि रेस्ट यांची जोड मिळाली.