फेकून दिलेलं पॅकेटच रस्ता उघडतं

व्हिडिओ कॉलमध्ये दोन मोबाइल बऱ्याचदा थेट एकमेकांशी बोलत असतात, मध्ये कंपनीचा सर्व्हर नसतोच, आणि हे जमवून आणायला आत जी खटपट चालते ती मला इंटरनेटमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

अडचण काय ते बघा. इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो, आणि आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते, ते जगातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉप-टीव्हीला पुरणार कुठून? म्हणून राउटर घरातल्या घरात १९२.१६८ ने सुरू होणारे वगैरे खाजगी पत्ते वाटतो आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पब्लिक पत्ता दाखवतो, यालाच नॅट म्हणतात. तुम्ही बाहेर काही पाठवलं की राउटर नोंद करतो, समजा १९२.१६८.१.५ चा पोर्ट (पत्त्यावरच्या दरवाजाचा नंबरच म्हणा) ५००० म्हणजे बाहेर पोर्ट ६२०००, आणि ६२००० वर उत्तर आलं की बरोबर तुमच्याकडे पोचवतो. पण नोंदच नसताना बाहेरून काही आलं तर ते कोणाचं हे त्याला कळणार कसं, तो सरळ फेकून देतो. वेबसाइट बघताना यानं काही अडत नाही कारण सुरुवात नेहमी आपणच करतो. दोघंही नॅटच्या मागे असले की मात्र पंचाईत, कारण पहिलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, कोणीही पाठवलं तरी ते आत जाणार नाही.

यावरचा तोडगा म्हणजे होल पंचिंग. दोघंही आधी बाहेरच्या एका स्टन सर्व्हरला विचारतात की मी तुला कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पोर्टवरून दिसतोय, मग ॲपचा सर्व्हर ही माहिती एकाची दुसऱ्याला देतो आणि दोघंही साधारण एकाच वेळी एकमेकांकडे यूडीपी पॅकेट (आधी जोडणी न करता थेट सोडता येणारी) सोडतात. आता नीट बघा हं. 'अ'चं पॅकेट आधी पोचलं, 'ब'च्या राउटरकडे नोंद नाही, फेकलं गेलं. पण घरातून निघतानाच त्यानं 'अ'च्या राउटरमध्ये नोंद करून ठेवलीये, त्यामुळे 'ब'चं पॅकेट आलं की त्या राउटरला ते उत्तरच वाटतं, तो आत सोडतो, आणि इथून पुढे दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा. ही नोंद फार टिकत नाही, काही राउटर अर्ध्या मिनिटातच पुसतात, म्हणून कोणी बोलत नसलं तरी ॲप अधूनमधून छोटी पॅकेट पाठवत राहतं.

सगळीकडे हे चालत नाही. सिमेट्रिक नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतं, म्हणजे स्टननं सांगितलेला पोर्ट समोरच्याच्या काहीच कामाचा नाही. मग टर्न नावाचा सर्व्हर मध्ये घालून सगळा डेटा त्याच्यातून फिरवावा लागतो, जो सांभाळणाऱ्याला महाग पडतो आणि कॉलही रेंगाळू शकतो. म्हणून आइस ही पद्धत शक्य ते सगळे रस्ते तपासते, थेट रस्त्याला आधी पसंती देते, टर्न अगदी शेवटी.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत १२८ बिटांचे पत्ते आहेत, तिथे नॅटची गरजच नाही. तरी न मागता आलेलं पॅकेट घरच्या राउटरचं फायरवॉल (पॅकेट तपासणारा पहारेकरी) बहुतेक वेळा अडवतंच, त्यामुळे दोन्हीकडून एकदम पॅकेट सोडायची युक्ती तिथेही लागते.