फिरत फिरत येणारा डोळा

कागद-पेन्सिल घ्या आणि दूरदर्शनचं बोधचिन्ह न बघता काढा. मधला गोल सगळ्यांना जमतो. हात अडतो तो भोवतीच्या दोन वक्र पाकळ्यांपाशी. वरची पाकळी कुठे जाड होते, खालची कुठे निमुळती होते, दोघींची तोंडं कुणीकडे? गेल्या दिवाळीत आम्ही घरात हा खेळ खेळलो. पाच जणांनी पाच वेगळे डोळे काढले. त्यातला एक तर सरळसरळ मासा होता.

यात स्मरणशक्तीचा दोष नाही. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ८५ विद्यार्थ्यांना ॲपल कंपनीचं सफरचंद आठवून काढायला सांगितलं होतं. बहुतेकांच्या हातात किंवा बॅगेत ते सफरचंद होतंच. तरी फक्त एकाला ते अचूक काढता आलं. मेंदू चित्राचा फोटो काढून ठेवत नाही. 'हे तेच' एवढं ओळखायला लागतील तितक्या खुणा ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो.

आता त्याच पाच जणांना दूरदर्शनची धून गुणगुणायला सांगा. शिवाय तो डोळा पडद्यावर कसा यायचा, ते हाताने दाखवायला सांगा. पाचही जण हवेत तसाच हात फिरवतील. चित्र विसरलं, हालचाल आणि आवाज राहिले. वाहिनीची ओळख मेंदूत कशी मुरते, हे समजायला दूरदर्शनइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्याकडे दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ला. तेव्हा हा सगळा कारभार आकाशवाणीच्या पोटातच होता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळं झालं आणि नव्या संस्थेला स्वतःचा चेहरा लागला. काम गेलं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे. तिथले विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनीही आराखडे केले. देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने एका गोलाभोवती दोन वक्र आकार काढले होते. त्या रेखाटनात माणसाचा डोळा दिसला तो त्याचे शिक्षक विकास सातवळेकर यांना. शेवटची निवड पंतप्रधान इंदिरा गांधींनी केली.

पण आपल्याला आठवतो तो डोळा कागदावरचा नव्हे. तो जिवंत केला एनआयडीच्याच आर. एल. मिस्त्री यांनी. त्यांनी त्या चिन्हाच्या अनेक प्रती घेतल्या, कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि गोल फिरवत फिरवत चित्रित केल्या. शेवटी सगळ्या प्रती एकमेकींत मिसळतात आणि एकच डोळा उरतो. संगणक नाही, ठेवायचं, सरकवायचं आणि पुन्हा चित्रित करायचं, एवढंच. सोबत पंडित रविशंकर यांची धून आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची शहनाई.

त्या काही सेकंदांत बघणाऱ्याच्या डोक्यात काय होतं? मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली एक नियम मांडला होता: एकत्र, एकाच दिशेने सरकणाऱ्या वस्तू मेंदू एकच वस्तू धरून चालतो. उडणारा थवा आपल्याला 'एक' दिसतो, तो यामुळेच. मिस्त्रींच्या चित्रफितीत सुट्या पाकळ्या एका लयीत फिरतात, त्यामुळे त्या एकाच शरीराचे अवयव वाटतात. त्या जुळून डोळा तयार होतो, तेव्हा बघणाऱ्याला कोडं सुटल्याचं समाधान मिळतं. रोज संध्याकाळी तेच कोडं, रोज तेच समाधान.

दुसरी गोष्ट नेत्रपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची. आपल्याला बारीक तपशील दिसतो तो नेत्रपटलाच्या मधल्या इवल्याशा भागात. कडेच्या भागाला अक्षरं वाचता येत नाहीत, पण हालचाल आणि लुकलुक तो पटकन टिपतो. माझी आजी तांदूळ निवडत बसायची, मान खाली, टीव्ही डाव्या हाताला कोपऱ्यात. पडद्यावर काही गोल फिरायला लागलं की तिचा हात ताटात थांबायचा. आई तर स्वयंपाकघरात, तिला पडदा दिसायचाही नाही. तिच्यासाठी ती धून होती. शहनाई ऐकली की गॅस बारीक करून ती बाहेर यायची. टीव्ही हे बघण्याइतकंच ऐकण्याचंही यंत्र आहे.

आता पडद्याच्या आत डोकावू. आपल्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या ओळींनी बनायचं. त्यातल्या साधारण ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी विषम ओळी, मग सम. एखादी आडवी रेघ एकाच ओळीइतकी बारीक असली, तर ती दोनपैकी एकाच हप्त्यात दिसणार आणि दुसऱ्यात गायब होणार. म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकणार. बारीक पट्ट्यांचा शर्ट घालून बसलेला निवेदक आठवा. त्याचा शर्ट अंगावर वळवळतोय असं वाटायचं, त्याचं कारण बरंचसं हेच. म्हणून पडद्यासाठी चिन्ह करणारे बारीक रेघांपासून लांब राहत. आकार भरीव हवा, मोजके वळसे हवेत, आणि कृष्णधवल संचावरही ओळखू यायला हवा. दूरदर्शनचा डोळा या तिन्ही कसोट्यांना उतरला.

तिरक्या रेघेचं दुखणं आणखी वेगळं. आडव्या ओळींच्या जाळीत तिरकी रेघ बसवली की तिच्या पायऱ्या होतात. याचा फटका बीबीसीला बसला. १९८८पासून त्यांच्या चिन्हातली तीन अक्षरं साडेसतरा अंशांनी झुकलेल्या चौकोनांत असायची, खाली निळी, तांबडी आणि हिरवी रेघ. कागदावर रुबाबदार. पण पडद्याच्या कोपऱ्यात लहान करून बसवलं की कडा करवतीसारख्या दिसायच्या. तीन रंगांच्या रेघांमुळे छपाईचा खर्च वाढायचा, तो वेगळाच. १९९७ साली मार्टिन लँबी-नेर्न या डिझायनरने चौकोन सरळ उभे केले आणि रेघा काढून टाकल्या. बघणाऱ्याला वाटलं, यात केलं काय? केलं ते एवढंच, की कडा पडद्याच्या जाळीला समांतर आणल्या. मला हा बदल फार आवडतो, कारण त्यामागचं कारण डोळ्यांनी तपासता येतं.

बीबीसीचा त्याआधीचा इतिहास तर मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये शोभावा असा. १९५३मधलं त्यांचं पहिलं चिन्ह एब्रम गेम्स या चित्रकाराने प्रत्यक्ष फिरणाऱ्या भागांचं यंत्र म्हणून बांधलं होतं. १९६९पासून बीबीसी वनवर पृथ्वीचा गोल फिरायचा. हाही खरोखरचा लहानसा गोल, मोटरवर फिरणारा, मागे अंतर्वक्र आरसा आणि पुढे एक कृष्णधवल कॅमेरा. निळा-पिवळा रंग मागाहून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चढवायचा. तोच कॅमेरा इकडून तिकडे वळवून घड्याळ आणि पाट्याही दाखवायचे. १९८५मध्ये त्या गोलाची जागा संगणकाने तयार केलेल्या आणि चिप्समध्ये साठवलेल्या गोलाने घेतली.

लँबी-नेर्नचाच दुसरा किस्सा मानसशास्त्राच्या दृष्टीने जास्त मोलाचा. बीबीसी टू ही वाहिनी लोकांना नीरस आणि पंडिती वाटते, असं पाहणीत दिसलं होतं. १९९१मध्ये त्याने तिला फक्त '२' हा आकडा दिला. कधी त्यावर रंग उडतो, कधी तो रेशमी कापडाखाली लपतो, कधी पात्यासारखा येऊन रुततो. कार्यक्रम तेच राहिले, पण वाहिनीबद्दल लोक वेगळं बोलू लागले. पदार्थ तोच, ताट बदललं आणि चव बदलल्यासारखी वाटली.

मग नव्या चिन्हावर पहिल्या दिवशी नाकं का मुरडली जातात? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ साली दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर केवळ त्या सवयीनेच ती आवडू लागते. तिचा अर्थ कळायलाही हवा असं नाही. जुन्या चिन्हाच्या गाठीला अशा हजारो भेटी असतात, नव्याकडे शून्य. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली नाराजी चिन्ह वाईट असल्याचा पुरावा नव्हे, आणि सहा महिन्यांनंतरची शांतता ते चांगलं असल्याचाही पुरावा नव्हे.

कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हाचं वर्तन तर आणखी गमतीचं. ते सतत समोर असूनही दिसत नाही. १८०४ साली ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरने नोंदवलं होतं, की नजर एका जागी रोखून धरली, की कडेची स्थिर वस्तू हळूहळू विरून जाते. बदल होत नसला की चेतापेशी बातमी द्यायचं थांबवतात. मेंदू ते चिन्ह पुसतो, पडदा मात्र पुसत नाही. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः जळून प्रकाश देतो, आणि एकाच जागचे ठिपके वर्षानुवर्षं जास्त जळले की ते आधी थकतात. दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावणाऱ्या दुकानातल्या टीव्हीवर चॅनेल बदलूनही जुन्या चिन्हाचं भूत राहतं, ते म्हणूनच. कोपऱ्यातली चिन्हं अर्धपारदर्शक करण्याचं हेही एक कारण.

एप्रिल २०२४मध्ये डीडी न्यूजचं चिन्ह तांबड्याचं नारंगी झालं. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे रंगावरून वाद पेटला. हा भगवा आहे, असं टीकाकार म्हणाले. नारंगी रंग उठून दिसतो, असं प्रसार भारतीचं म्हणणं. उठून दिसण्याचा दावा मोजता येतो. जुन्या टीव्हीच्या गणितात चित्राच्या उजळपणात लाल रंगाचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९, निळ्याचा ११. म्हणजे शुद्ध तांबडा रंग कृष्णधवल संचावर गडद राखाडी दिसतो. त्यात निम्मा हिरवा मिसळून नारंगी केला, की उजळपणाचा आकडा ३०वरून ५९च्या घरात जातो, जवळजवळ दुप्पट. तेव्हा नारंगी जास्त उजळ, हे खरं. पण पिवळा त्याहूनही उजळ असतो. उजळपणाच्या गणितातून एकच रंग निघत नाही, आणि वेळ कोणती निवडावी हे तर निघतच नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने ही निवड निवडणुकीच्या ऐन धामधुमीत करायला नको होती, असं मला ठामपणे वाटतं.

त्याआधी २०१७मध्ये प्रसार भारतीने दूरदर्शनच्या नव्या बोधचिन्हासाठी लोकांकडून आराखडे मागवले होते. तरुणांना जवळ आणायचं, हा हेतू रास्तच. माझं म्हणणं एवढंच, की असं काही पुन्हा निघालं, तर आकाराच्या आधी गती आणि धून यांचा विचार व्हावा. आकार थोडा सडपातळ झाला तर लोकांच्या लक्षातही येणार नाही, ते आपल्या घरच्या पाच डोळ्यांनी सिद्ध केलंच आहे. ते फिरत येणं आणि ती शहनाई काढली, तर मात्र माझ्या आईला स्वयंपाकघरात काहीच कळणार नाही.

शेवटी एक सोपा प्रयोग. फोनवर डीडी न्यूजचा नारंगी डोळा उघडा, बोट ओलं करून त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाका आणि जवळून बघा. थेंब भिंगाचं काम करतो. त्यात नारंगी रंग सापडणार नाही. दिसतील ते लखलखीत लाल ठिपके, शेजारी मंद तेवणारे हिरवे, आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ विझलेले निळे.