जेंटूचा सर्व्हर: कंपाईल करायचं, पण दुसऱ्या मशीनवर

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या कारखान्याचा सर्व्हर बंद पडला, की ड्रॉइंग उघडत नाही, चलन निघत नाही आणि भरलेला टेम्पो गेटवर उभा राहतो. अशा ठिकाणी जेंटू लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरावी का? माझ्या मते जरूर वापरावी, फक्त त्या सर्व्हरवर कंपायलर, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, चालवू नये.

डेबियन किंवा उबंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये प्रोग्रॅम तयार होऊन येतात. जेंटूमध्ये मूळ सोर्स कोड येतो आणि तो आपण कंपाईल करतो. ते करताना कोणती सोय हवी, कोणती नको, हे ‘यूज फ्लॅग’ लिहून ठरवता येतं. याचं मोल एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या सुरक्षेतल्या त्रुटीने दाखवलं. ओपनएसएसएल या नेटवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या ‘हार्टबीट’ या सोयीत चूक होती. बाहेरचा माणूस एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर ओढू शकत होता, त्यात पासवर्डही आले. नवी आवृत्ती लगेच घालणं जमत नसेल, तर ती सोय वगळून पुन्हा कंपाईल करा, असं ओपनएसएसएलनेच सांगितलं होतं. जो कोड सर्व्हरवर नाहीच, त्यातून कोणी शिरणार कसं?

पण कंपाईल करायला वेळ आणि मेमरी दोन्ही लागतात. जुन्या मशीनवर जीसीसी या कंपायलरसारखं मोठं पॅकेज तासन्‌तास चालतं, आणि मेमरी संपली तर लिनक्स चालू डेटाबेससुद्धा बंद करू शकतं. म्हणून वेगळ्या मशीनवर बायनरी, म्हणजे कंपाईल करून तयार, पॅकेज बनवावं, तिथेच तपासावं, मग सर्व्हरवर न्यावं. मात्र त्या मशीनवर ‘मार्च=नेटिव्ह’ ही सेटिंग ठेवू नये, कारण ती त्याच मशीनच्या प्रोसेसरपुरता कोड बनवते. नव्या प्रोसेसरच्या सूचना जुन्याला कळत नाहीत आणि प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतो. डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःही बरीच तयार पॅकेजेस देतं, त्यामुळे सगळंच घरी बनवायची गरज उरलेली नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जपायला हवी. इथे ग्राहकांच्या यादीत मराठी आणि कन्नड नावं शेजारी शेजारी असतात. पोस्टग्रेस डेटाबेस ती नावं बहुतेक वेळा जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या नियमांनी क्रमाने लावतो. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने हे नियम बदलले आणि जुने इंडेक्स, म्हणजे डेटाबेसच्या शोधासाठीच्या क्रमवार सूच्या, बिघडले. यादीत असलेलं नाव शोधात सापडेना. जेंटूत अपडेट सतत येत राहतात, ठरलेली मोठी आवृत्ती नसते. त्यामुळे जीलिबसी बदलली, की आधी त्या पॅकेज बनवणाऱ्या मशीनवर डेटाबेसची प्रत घेऊन दोन्ही लिप्यांतली नावं शोधून पाहावीत, आणि गरज पडली तर सर्व्हरवर ‘रीइंडेक्स’, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, रात्रीच उरकावं.